स्पर्धा मुक्काम हलवते तेव्हा

टेबल टेनिसच्या चेंडूचं वजन २.७ ग्रॅम. बॅडमिंटनचं शटल त्याच्या जेमतेम दुप्पट: ४.७४ ते ५.५० ग्रॅम. या दोन वस्तूंची मर्जी सांभाळण्यासाठी २०२२च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरतच्या अठवालाइन्स भागातल्या पंडित दीनदयाळ उपाध्याय इनडोअर स्टेडियमने तीन आठवड्यांत तीन सोंगं घेतली. २० ते २४ सप्टेंबर टेबल टेनिस. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बॅडमिंटन. आणि १२ ऑक्टोबरला त्याच छताखाली ३६व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेचा समारोप.

गंमत अशी की ही स्पर्धा मुळात सुरतला व्हायचीच नव्हती. ती गोव्याची. केरळात २०१५ साली ३५वी स्पर्धा झाली, पुढची गोव्याला मिळाली, आणि मग ती पुढे पुढे ढकलली जात राहिली. त्यात करोना आला. अखेर जुलै २०२२ मध्ये गुजरातने ती आपल्याकडे घेतली आणि तीन महिन्यांच्या आत, २९ सप्टेंबरला, अहमदाबादेत उद्घाटन झालंसुद्धा. पुणेकरांना या वेगाचं अप्रूप वाटावं. १९९४च्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी बालेवाडीचं अख्खं क्रीडासंकुल नव्याने उभं करावं लागलं होतं. गुजरातने वेगळी वाट धरली: जे आहे ते वापरायचं आणि खेळ सहा शहरांत वाटून टाकायचे. बास्केटबॉल भावनगरला गेला, बॅडमिंटन-टेबल टेनिस सुरतला. ट्रॅक सायकलिंगचा धावमार्ग मात्र कुठे घडी घालून नेता येत नाही, म्हणून सायकलपटूच दिल्लीला गेले.

स्पर्धा हलवायची म्हणजे पत्ता बदलायचा, असं वरवर वाटतं. तारखाही हलतात, हे पटकन ध्यानात येत नाही. सुरतेतलं टेबल टेनिस २० सप्टेंबरला सुरू झालं, म्हणजे उद्घाटनाच्या नऊ दिवस आधी! ज्योत पेटायची होती, संचलन व्हायचं होतं आणि इकडे सुवर्णपदकं वाटून मोकळे झाले होते. कारण चीनमध्ये, चेंगडूला. तिथे ३० सप्टेंबरपासून जागतिक सांघिक स्पर्धा होती आणि देशातले अव्वल खेळाडू तिकडे निघणार होते. सुरतच्या वेळापत्रकाला चेंगडूच्या वेळापत्रकाशी जमवून घ्यावं लागलं.

आता सभागृहाच्या आत शिरू. खरी नवलाई तिथे आहे.

टेबल टेनिसचं टेबल २.७४ मीटर लांब आणि १.५२५ मीटर रुंद. एवढ्याशा फळीसाठी आंतरराष्ट्रीय नियम मोकळी जागा मागतात ती १४ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि ५ मीटर उंच. चेंडू ४० मिलिमीटरचा. त्याला दिलेली फिरकी खेळाडूला पाहून ओळखावी लागते, म्हणून उजेड भरपूर आणि सगळीकडे सारखा हवा. मागच्या बाजूला खिडकीतून ऊन किंवा चकाकणारा दिवा नको. जमिनीचा रंग फिका नको, तिने उजेड परतवता कामा नये. टीव्हीवर दिसणारं ते लालसर अंथरूण शोभेसाठी नसतं. आणि दमटपणा? सुरत तापीकाठी, समुद्र जवळ, सप्टेंबरचा शेवट म्हणजे पाऊस पुरता गेलेला नाही. हवेतली ओल रबरावर बसली की चेंडू रबराला धरत नाही, घसरतो. ज्या फटक्याने काल चेंडू टेबलावर वळून उतरला, तोच फटका आज जाळ्यात जातो. खेळाडू रॅकेटवर फुंकर मारून सारखी पुसताना दिसतात. ती लकब नव्हे, तो हवामानाशी झगडा असतो.

शटलची तर तऱ्हाच न्यारी. सोळा पिसं आणि बुचाचं डोकं. सुटताना बाणासारखं सुटतं आणि हवेच्या अडथळ्याने क्षणात मंदावतं. त्याची सगळी चाल हवेच्या हातात. उष्ण हवा विरळ असते, तिच्यात शटल लांब जातं. थंड, दाट हवेत ते आखूड पडतं. म्हणून शटल वेगवेगळ्या वेगांची बनवतात आणि गावाची हवा, उंची पाहून निवडतात. निवडीची परीक्षा फारच साधी आहे. मागच्या रेषेवर उभं राहून खालून पूर्ण ताकदीने शटल मारायचं. ते समोरच्या मागच्या रेषेच्या अलीकडे ५३० ते ९९० मिलिमीटरच्या पट्ट्यात पडलं, तर त्या सभागृहासाठी ते योग्य. कोट्यवधींची वास्तू आणि तिची जोखणी एका पिसांच्या झुबक्याने! मला तरी यात नियम करणाऱ्यांचा मिश्किलपणा दिसतो.

त्यात वातानुकूलन. प्रेक्षकांना गार वाटावं म्हणून सोडलेला झोत कोर्टावरून वाहू लागला, की एका बाजूने खेळणाऱ्याचं शटल बाहेर जातं आणि दुसऱ्या बाजूने खेळणाऱ्याचं पोचतच नाही. म्हणून तर दोन गेमच्या मध्ये बाजू बदलतात आणि तिसऱ्या गेममध्ये ११ गुणांवर पुन्हा बदलतात. नव्या सभागृहात आलेले जाणते खेळाडू सरावात आधी वाऱ्याची दिशा शोधतात, फटके नंतर. सुरतेत महिला एकेरीच्या अंतिम सामन्यात नागपूरची मालविका बनसोड उतरली होती. कोरड्या विदर्भातली ही मुलगी तापीकाठच्या दमट शहरात रौप्यपदकापर्यंत पोचली. सुवर्ण छत्तीसगडच्या आकर्षी कश्यपने नेलं.

याच स्पर्धेतले बीच व्हॉलीबॉल आणि बीच हँडबॉल सुरतच्या डुमस किनाऱ्यावर झाले. तिथली वाळू काळी, हे सुरतकरांना सांगायला नको. नियमाला वाळूच्या रंगाचं काही नाही. ती सपाट, दगड-शिंपल्यांविना आणि किमान ४० सेंटिमीटर खोल हवी, एवढंच.

बास्केटबॉलचं दुखणं निराळं. महिलांचा चेंडू अर्ध्या किलोहून थोडा जड. वारा त्याचं काही बिघडवत नाही. तिथे सगळा जीव जमिनीत. लाकडी फरशी दमट हवेत फुगते, कोरड्या हवेत आकसते. सांधा उचलला तर चेंडू नीट उसळत नाही आणि घोटा मुरगळतो. अमेरिकेत ही फरशीच स्पर्धेबरोबर प्रवास करते. मॅपल लाकडाचे क्रमांक घातलेले तुकडे ट्रकमधून येतात, जुळवले जातात, सामने संपले की उचलले जातात. तिथल्या महाविद्यालयीन मुलींच्या स्पर्धा त्यामुळे शहर बदलू शकतात. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सची मुलींची स्पर्धा वर्षानुवर्षं नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोला होत असे. त्या राज्याने २०१६ मध्ये ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या स्वच्छतागृह वापरावर निर्बंध आणणारा कायदा केला आणि निषेध म्हणून २०१७ची स्पर्धा शेजारच्या साउथ कॅरोलायनातल्या कॉनवे गावी हलवली गेली. एका कायद्याने स्पर्धा उठवली आणि एका छोट्या गावाचं नशीब उघडलं.

कोर्टाचं हे जुळवणं किती नाजूक, ते ३१ मार्च २०२४ला पोर्टलंडमध्ये कळलं. महाविद्यालयीन मुलींच्या राष्ट्रीय स्पर्धेत टेक्सास आणि नॉर्थ कॅरोलायना स्टेट यांचा सामना सुरू होणार, तेवढ्यात लक्षात आलं की एका टोकाची तीन गुणांची रेषा सुमारे नऊ इंच चुकीच्या जागी आहे. त्या कोर्टावर चार सामने आधीच झाले होते. हजारो प्रेक्षक, कॅमेरे, पंच, देशातल्या सर्वोत्तम नेमबाज मुली, आणि कोणालाच काही खटकलं नव्हतं! दोन्ही प्रशिक्षकांनी आहे त्याच कोर्टावर खेळायचं ठरवलं, नॉर्थ कॅरोलायना स्टेट ७६-६६ जिंकली आणि रात्रीतून रेषा दुरुस्त झाली.

मोजून-मापून सगळं सारखं केलं तरी एक गोष्ट सारखी होत नाही: खुर्च्यांत बसलेली माणसं. हरमीत देसाई सुरतचा. त्याच्यासह खेळणाऱ्या गुजरातच्या पुरुष संघाने सुरतेतच सांघिक सुवर्ण घेतलं. स्पर्धा गोव्यात झाली असती तर घरच्या प्रेक्षकांचा गजर त्यांच्या वाट्याला आला नसता. उधना-लिंबायतकडे जळगाव, धुळे, नंदुरबारहून येऊन स्थिरावलेली मराठी वस्ती मोठी आहे, तेव्हा सुरतेत महाराष्ट्राचा संघही अगदीच परक्या मुलखात खेळत नसतो.

आणि छप्पर असणं ही केवढी चैन, तेही सुरतेनेच दाखवलेलं आहे. २४ सप्टेंबर २०१९ला लालभाई कॉन्ट्रॅक्टर स्टेडियमवर भारत आणि दक्षिण आफ्रिका यांच्या महिला संघांची टी-ट्वेंटी मालिका सुरू झाली. पंधरा वर्षांच्या शफाली वर्माचं पदार्पण त्याच दिवशीचं. पुढचे दोन सामने पावसाने खाल्ले आणि वेळापत्रकात एक जादा सामना घुसवावा लागला.

गोव्याला त्याची स्पर्धा मिळाली, ३७वी म्हणून, ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२३ मध्ये. सायकलिंग त्याही वेळी दिल्लीला गेलं, या वेळी सोबत गोल्फही.

राहता राहिली एक विनंती, कॉलेजच्या मुलींचा बास्केटबॉल संघ घेऊन दर वर्षी वेगळ्या मैदानावर जाणाऱ्या प्रशिक्षकांना. किटबॅगेत मोजपट्टी ठेवा. रिंगच्या मध्याच्या बरोबर खाली जमिनीवर एक टोक धरा आणि तीन गुणांच्या कमानीच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजा: ६.७५ मीटर. दोन्ही बाजूंना मोजा.