फॉर्म भरून मिळेल

कळव्यात स्टेशनच्या आसपास ‘झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म’ अशा पाट्यांची दुकानं आहेत. अशाच एका दुकानात काउंटरच्या आत बसून मी हे काम पाहिलं. बाहेरून ते टायपिंगचं वाटतं. प्रत्यक्षात टायपिंग थोडंच असतं. बाकी सगळा वेळ सॉफ्टवेअरची मनधरणी करण्यात जातो.

विटाव्याहून एक मावशी मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला आल्या होत्या. आडनाव साळुंखे. इंग्रजीत टाइप केलं की शेजारच्या चौकटीत आपोआप मराठी उमटायचं, ‘सलुंखे’. दुकानातल्या मुलानं काना घातला, ळ घातला, टॅब दाबला आणि पुन्हा ‘सलुंखे’. मग त्यानं नाव दुरुस्त करून टॅबला हातच लावला नाही, माउसनं पानाच्या कोऱ्या जागेवर क्लिक केलं. साळुंखे टिकलं. “हे कुठं लिहिलेलं नाही, चुकून सापडलं,” तो म्हणाला.

पुढे फोटो. अर्ज जमा केल्यावर लाल अक्षरांत एवढंच आलं, ‘फाइल अवैध’. फोटो पन्नास केबीच्या आत हवा, हे त्या मुलाला आधीच्या अर्जांवरून आठवलं. फोटो बारीक करून परत येईपर्यंत जिल्हा, तालुका, बँकेची शाखा, सगळे रकाने रिकामे. पुन्हा भरले. ओटीपी गेला मावशींच्या यजमानांच्या नंबरवर. ते कंपनीत, आणि तिथं मोबाइल आत नेता येत नाही. “संध्याकाळी या, मावशी.”

मावशी उठताना म्हणाल्या, “आम्हाला नाही जमत बाबा हे.” मला राग आला तो याचा. चूक अर्ज बनवणाऱ्याची आणि कमीपणा त्यांनी स्वतःकडे घेतला. वर दुकानात पैसे मोजले ते वेगळेच.

वापरसुलभता मोजायची कशी, हे काही गूढ राहिलेलं नाही. आयएसओ ९२४१ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या अकराव्या भागात १९९८ सालीच ते सांगितलंय: ठरलेल्या माणसांना, त्यांच्या परिस्थितीत, काम पुरं करता येतं का, किती कष्टात, आणि समाधान मिळतं का. कळव्यापासून फार लांब नसलेल्या पवईच्या आयआयटीत, औद्योगिक अभिकल्प केंद्रात, ‘स्वरचक्र’ कळफलक तयार झाला. व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती काना, मात्रा, वेलांटीचं चक्र उघडतं. मराठी लिहिणाऱ्याचं डोकं जसं चालतं, तसाच तो चालतो. म्हणजे हे आपल्याकडे जमतं.

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावणं ज्यांना शक्य नाही, अशा अ‍ॅसिडहल्ल्यातल्या पीडितांचा आणि दृष्टिहीनांचा ई-केवायसीचा, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवण्याचा, प्रश्न होता तो. कायद्यानं एवढं मान्य केलं असताना साधा फोटोचा आकार आधी न सांगणं अक्षम्य आहे.

म्हणून अर्ज बनवणाऱ्यांना विनंती: तो सगळ्यांसाठी खुला करण्याआधी अशा एखाद्या दुकानात या. माउस मावशींच्या हातात द्या, मागे बसा आणि अर्ज पुरा होईपर्यंत एक शब्दही बोलू नका. त्या जिथं अडतील, तिथं अर्ज बदला.