किती सायनाइड, आणि कुठलं?

भोसरीच्या एमआयडीसीत प्लेटिंगचं दुकान शोधायला पाटी वाचावी लागत नाही. रॅकवर टांगलेले जॉब एका टाकीतून वर येतात, ठिबकत ठिबकत पुढच्या टाकीत उतरतात आणि दिवसभर हेच चालू असतं. झिंकच्या जुन्या पद्धतीच्या बाथमध्ये सोडियम सायनाइड असतं. तांब्याचा पहिला पातळ थर द्यायचा असो किंवा चांदी चढवायची असो, अजूनही बऱ्याच ठिकाणी सायनाइडवाचून भागत नाही. धातूला द्रावणात धरून ठेवायचं आणि बेताबेतानं सोडायचं, हे त्याला छान जमतं. त्यामुळे थर खाचाखोचांतही बऱ्यापैकी सारखा बसतो. जॉब जरा तेलकट राहिला तरी हा बाथ सांभाळून घेतो. बिनसायनाइडचे बाथ एवढे समजूतदार नसतात.

घोळ होतो तो ठिबकण्यात. टाकीतून वर येणारा प्रत्येक जॉब थोडं द्रावण अंगावर घेऊन येतो आणि धुण्याच्या पाण्यात सोडतो. बाहेर जाणाऱ्या पाण्यात सायनाइडची मर्यादा लिटरला ०.२ मिलिग्रॅम आहे. ज्या द्रावणाच्या एका लिटरमध्ये २० ग्रॅम सायनाइड आहे, ते नुसतं पाणी ओतून या मर्यादेत आणायचं म्हटलं तर एक लाख लिटर पाणी लागेल.

या धंद्याचं मूळ बर्मिंगहॅममध्ये. जॉन राइट या शल्यवैद्याला पोटॅशियम सायनाइडच्या द्रावणातून सोनं-चांदी नीट चढते हे उमगलं आणि १८४० साली एल्किंग्टन चुलतभावांनी त्याचं पेटंट घेतलं. पुढच्या दहा-अकरा वर्षांत जर्मनीत रसायनशास्त्रज्ञ लीबिगनं सिल्व्हर नायट्रेट वापरून सायनाइड मोजायची रीत मांडली. विष बाजारात आलं आणि मागोमाग त्याचं मापही आलं. ती रीत थोडेफार बदल होऊन आजही वापरात आहे.

पण माप घेण्याआधी सायनाइडला बाकीच्या पाण्यातून वेगळं काढावं लागतं, आणि खरी गंमत तिथेच आहे. नमुना तपासणाऱ्या केमिस्ट बाई विषारी वायू बाहेर ओढून नेणाऱ्या फ्यूम हूडची काच खाली ओढतात आणि गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये अर्धा लिटर पाणी घेतात. फ्लास्कवर कंडेन्सर, त्याच्या पुढे कॉस्टिकच्या द्रावणाची काचेची नळी आणि सगळ्याच्या शेवटी हवा ओढणारा पंप. सल्फॅमिक आम्ल घालायचं, मग फ्लास्कमध्ये हवा आत घेणाऱ्या नळीतून सल्फ्युरिक आम्ल, त्यानंतर मॅग्नेशियम क्लोराइड. आम्ल पडताच धातूला चिकटून बसलेलं सायनाइड सुटू लागतं आणि हायड्रोजन सायनाइड होऊन वायुरूपानं निघतं. हा पदार्थ साधारण २६ अंशांना उकळतो, म्हणजे पुण्याच्या एप्रिलमध्ये त्याला शेगडीचीही गरज नाही. काचेचा एखादा सांधा नीट बसला नसेल तर हा वायू नळीत न जाता खोलीत येईल, म्हणून बाई प्रत्येक सांध्यावरून बोट फिरवल्याशिवाय आम्लाला हात लावत नाहीत. कडू बदामासारखा वास येतो असं पुस्तकं सांगतात, पण कित्येकांना तो वास जन्मतःच येत नाही. नाकावर भरवसा ठेवायची ही जागा नव्हे.

मग तासभर उकळी. पंप असा लावायचा की फ्लास्कमध्ये सेकंदाला एक-दोन बुडबुडे यावेत. जास्त ओढलं तर वायू कॉस्टिकमध्ये न विरघळता निसटतो, कमी ओढलं तर फ्लास्कमधला माल उलटा हवेच्या नळीत चढतो. पाहायला बुडबुड्यांखेरीज काही नसतं, आणि तरी नजर हटवता येत नाही. शेगडी बंद केल्यावरही काही मिनिटं हवा चालूच ठेवायची, कारण काचेच्या कोपऱ्यात उरलेला वायूही मोजणीत यायला हवा.

सायनाइड बरंच असेल तर ऱ्होडानिनचे थेंब टाकून सिल्व्हर नायट्रेटनं टायट्रेशन करतात. पिवळा रंग किंचित गुलाबीकडे झुकला की थांबायचं. हा झुकाव ओळखायला नवख्याला बरेच दिवस लागतात. सायनाइड अगदी थोडं असेल तर क्लोरामाइन-टी आणि पिरिडीन-बार्बिट्युरिक आम्ल घालतात. येणारा जांभळट रंग यंत्र मोजतं. पिरिडीनचा कुजक्या माशासारखा दर्प मात्र एप्रनबरोबर घरापर्यंत येतो.

इतकं करून हातात आकडा येतो. तो आकडा बाटलीत जे पोहोचलं त्याचा असतो, नाल्यात जे वाहिलं त्याचा असेलच असं नाही. नमुना घेतानाच कॉस्टिक घालून पीएच १२ च्या वर न्यावा लागतो आणि बाटली बर्फात ठेवावी लागते. कुणी ते विसरलं आणि पाणी आम्लाच्या बाजूला झुकलेलं असलं, तर सायनाइड वाटेतच उडून जातं आणि रिपोर्ट झकास येतो. दुकानातही आम्लाचं धुणं आणि सायनाइडचं धुणं एकाच गटारात सोडलं तर तोच वायू निघतो, फक्त तिथे फ्यूम हूड नसतो.

दुकानाच्या ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेत, सायनाइड मारतात ते बहुतेक हायपोक्लोराइटनं. आधी पीएच दहाच्या वर ठेवून, कारण त्याहून खाली गेलं तर सायनोजेन क्लोराइड हा दुसरा विषारी वायू टिकून राहतो. मग पीएच साडेआठच्या आसपास उतरवून दुसरा डोस. ऑपरेटरनं हात सैल सोडून हायपोक्लोराइट ओतलं असेल तर क्लोरीन नमुन्याच्या बाटलीतही आपलं काम चालूच ठेवतं. म्हणून स्टार्च-आयोडाइडची पट्टी बुडवून पाहायची. निळी झाली तर क्लोरीन आहे. सल्फाइड असेल तर शिसं लावलेली पट्टी काळी पडते. थायोसायनेट आणि नायट्राइट एकत्र आले तर उकळीतच नवं सायनाइड तयार होऊ शकतं; सुरुवातीचं सल्फॅमिक आम्ल त्यासाठीच.

सगळ्यात चिवट प्रकरण लोखंडाचं. टाकीच्या तळाशी पोलादी जॉब निसटून पडले की लोखंड सायनाइडशी इतकी घट्ट जोडी जमवतं की हायपोक्लोराइट तिला तोडू शकत नाही. दुकानदार म्हणतो, माझा मीटर बरोबर, क्लोरीन शिल्लक आहे, सायनाइड गेलं. प्रयोगशाळा म्हणते, फेल. दोघंही खरं बोलतात. दुकानातली झटपट किट फक्त मोकळं सायनाइड पकडते. फ्लास्कमधल्या गरम आम्लाला लोखंडही सोडवता येतं. ही जोडी तशी कमी विषारी, पण नाल्यात तिच्यावर ऊन पडलं की हळूहळू मोकळं सायनाइड सुटू लागतं. त्यामुळे ‘मोकळं नाही ना, मग जाऊ द्या’ हे म्हणणं पावसाळ्यापुरतंसुद्धा पटत नाही.

बर्मिंगहॅमच्या शेजारी, वॉल्सॉलच्या कालव्यात, २०२४ च्या ऑगस्टमध्ये सोडियम सायनाइड गेलं आणि लोकांना काठापासून लांब राहायला सांगावं लागलं. तिथे गळती मोठी होती, लगेच कळली. रोजचं ठिबकणं असं कळत नाही. नमुना आज घेतला तर आकडा उद्या-परवा येतो आणि तोवर ते पाणी निघून गेलेलं असतं. यावर साधा उपाय म्हणजे दोन टाक्या: एक भरायची, दुसरी तपासणी होईपर्यंत अडवून ठेवायची. दहा बाय तीसच्या शेडमध्ये बाथ, रेक्टिफायर, ड्रायर आणि जॉबची पोती यांच्यातून दुसऱ्या टाकीला जागा काढणं मालकाच्या यादीत बरंच खाली असतं. त्यातून गाडीच्या कंपनीला माल संध्याकाळपर्यंत हवा असतो.