पॅनल आहे, पण फोडता येत नाही

पाचोरा-भडगाव बाजार समितीची निवडणूक ज्यानं जवळून पाहिली, त्याला पॅनल कसं बांधतात हे शिकवावं लागत नाही. १८ संचालकांच्या यादीत गाव कोणतं, समाज कोणता, गट कुणाचा, रुसून कोण बसलंय, हे सगळं जुळवून नाव पक्कं होतं. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार उपाध्यक्षपदासाठी जोडीदार निवडतो, तेव्हाही हिशेब याच जातीचा असतो. तरी त्या निवडीबद्दल, आणि आपल्याकडच्या ‘उप’ पदांबद्दलही, काही गैरसमज आहेत.

गैरसमज : अमेरिकी मतदार अध्यक्ष एका पक्षाचा आणि उपाध्यक्ष दुसऱ्या पक्षाचा निवडू शकतो.
वस्तुस्थिती : दोघांची नावं मतपत्रिकेवर जोडीनं असतात आणि मत एकच. २०२४ मध्ये ट्रम्प हवेत पण व्हान्स नकोत, किंवा हॅरिस नकोत पण वॉल्झ चालतील, असं म्हणायची सोयच नव्हती. बाजार समितीत मतदार खुशाल पॅनल फोडतो. हे दोघांचं पॅनल फुटत नाही.

गैरसमज : ही पद्धत पहिल्यापासूनची आहे.
वस्तुस्थिती : १७९६ मध्ये जॉन अ‍ॅडम्स अध्यक्ष झाले आणि दुसऱ्या क्रमांकावर राहिलेले त्यांचे विरोधक थॉमस जेफरसन उपाध्यक्ष. पडलेल्या उमेदवारालाच विजेत्याच्या शेजारी बसवल्यासारखं झालं. १८०४ च्या बाराव्या घटनादुरुस्तीनं प्रत्यक्ष अध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचकांची दोन्ही पदांसाठीची मतं वेगळी केली. पुढे जोडीदार ठरवण्यात पक्षातल्या पुढाऱ्यांचा हात मोठा असे. १९४० मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट हेन्री वॉलेस यांच्या नावावर अडून बसले आणि उमेदवाराच्या शब्दाला वजन आलं.

गैरसमज : जोडीदार आपलं राज्य हमखास मिळवून देतो.
वस्तुस्थिती : १९६० मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या केनेडींनी टेक्ससचे लिंडन जॉन्सन सोबत घेतले आणि टेक्सस जिंकलं. पण २०१२ मध्ये पॉल रायन यांचं विस्कॉन्सिन त्यांच्या पक्षाच्या हातून गेलंच. जोडीदार फायदा किती करील ते सांगता येत नाही. नुकसान मात्र नक्की करू शकतो. १९७२ मध्ये उमेदवार मॅकगव्हर्न यांनी निवडलेल्या थॉमस ईगल्टन यांनी पूर्वी नैराश्यावर रुग्णालयात उपचार घेतल्याचं बाहेर आलं आणि तीन आठवड्यांच्या आत त्यांना माघार घ्यावी लागली. म्हणूनच आता नाव जाहीर होण्याआधी वकील मंडळी करविवरणापासून जुन्या भाषणांपर्यंत सगळं चाळून काढतात.

गैरसमज : आपला थेट नगराध्यक्षही उपनगराध्यक्ष असाच सोबत आणतो.
वस्तुस्थिती : डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीत पाचोऱ्याच्या मतदारानं नगराध्यक्षासाठी वेगळं मत दिलं आणि प्रभागातल्या नगरसेवकांसाठी वेगळं. उपनगराध्यक्षाचं बटण यंत्रावर नव्हतंच. तो नगरसेवक आपल्यातून निवडतात. त्यामुळे नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचं असेल, तर शेजारच्या खुर्चीवर विरोधकही बसू शकतो. १७९६ ची अमेरिका आपल्या नगरपालिकेत अजून शक्य आहे.

गैरसमज : राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती जोडीनं निवडून येतात.
वस्तुस्थिती : दोन्ही निवडणुका वेगळ्या, मतदारही वेगळे. राष्ट्रपतीसाठी निवडून आलेल्या खासदारांबरोबर विधानसभेवर निवडून आलेले आमदारही मत देतात. पाचोऱ्याच्या आमदाराच्या त्या मताचं मूल्य १७५. उपराष्ट्रपतीसाठी फक्त संसदेचे सदस्य मत देतात, तिथे आमदाराला मतच नाही. हे वेगळेपण जळगाव जिल्ह्यानं तर घरचंच कार्य म्हणून पाहिलंय. २००७ मध्ये जिल्ह्याच्या लेक प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या, तेव्हा त्यांनी हरवलेले भैरोंसिंह शेखावत हे त्या वेळचे उपराष्ट्रपती होते. ताईंनी २५ जुलैला शपथ घेतली. हमीद अन्सारी उपराष्ट्रपती झाले ते ऑगस्टमध्ये, स्वतंत्र निवडणुकीनं.