दोषी कोण? सीएनसी यंत्रातील सर्व्हो ड्राइव्हची तपासणी

घरातील चोक-स्टार्टरची ट्यूब लागेनाशी झाली, की आपण काय करतो? शेजारच्या खोलीतील चालू ट्यूबचा स्टार्टर काढून येथे लावून पाहतो. ट्यूब लागली, तर दोष स्टार्टरचा. नाही लागली, तर स्टार्टर परत जागेवर ठेवून ट्यूब बदलून पाहतो. एका वेळी एकच वस्तू बदलायची, हा नियम आपण कोणी न शिकवता पाळतो. प्रयोगशाळेत 'इतर चल स्थिर ठेवून एकच चल बदला' असे आपण विद्यार्थ्यांना सांगतो, तो हाच नियम.

लाखो रुपयांच्या सीएनसी यंत्रात, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या लेथमध्ये किंवा मिलिंग यंत्रात बिघाड झाला, तर तेथेही हाच नियम उपयोगी पडतो. मात्र तेथे तो घाईने वापरला, तर चांगला सुटा भाग जळतो आणि प्रसंगी माणसाच्या जिवावर बेतते. असे का, हे कळण्यासाठी आधी सर्व्हो म्हणजे काय ते पाहू.

हात, डोळा आणि मेंदू

साध्या लेथवर टर्नर हाताने चाक फिरवून हत्यार पुढे नेतो, डोळ्यांनी मोजपट्टी पाहतो आणि किती पुढे जायचे ते मनाशी ठरवतो. सीएनसी लेथमध्ये मेंदूचे काम नियंत्रक करतो, हाताचे काम मोटर करते आणि डोळ्याचे काम मोटरच्या दांड्यावर बसवलेला एन्कोडर करतो. नियंत्रकाची आज्ञा हा अगदी दुबळा संकेत असतो. त्यावर मोटर फिरणार नाही. तो संकेत घेऊन मोटरला हवा तेवढा, हवा तेव्हा विद्युतप्रवाह पुरवणारी पेटी म्हणजे सर्व्हो ड्राइव्ह.

'सर्व्हो' शब्दाचे मूळ दास या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. जोझेफ फार्को या फ्रेंच अभियंत्याने १८७३ साली जहाजाचे सुकाणू वळवणाऱ्या वाफेच्या यंत्रणेवर पुस्तक लिहिले, तेव्हा त्याने हा शब्द वापरला. पुढे १९५२ साली अमेरिकेतील एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळेने भोके पाडलेल्या कागदी फितीवरून आज्ञा घेणारे मिलिंग यंत्र चालवून दाखवले. आजची सीएनसी यंत्रे त्याच वंशातील आहेत.

हा दास आज्ञा पाळतो आणि किती पाळली याची खबरही सतत परत देतो. समजा, एन्कोडर एका फेऱ्यात १०,००० स्पंद देतो आणि मोटरच्या एका फेऱ्यात स्क्रू हत्याराला १० मिलिमीटर पुढे नेतो. म्हणजे एक स्पंद बरोबर एक मायक्रॉन, मिलिमीटरचा हजारावा भाग! आज्ञा आणि प्रत्यक्ष स्थिती यांत फरक दिसला, की ड्राइव्ह तो कमी होईल अशा बेताने मोटरला जोर देतो. यालाच ऋण प्रत्याभरण म्हणतात. नियंत्रक, ड्राइव्ह, केबल, मोटर, स्क्रू आणि एन्कोडर ही एक बंद साखळी आहे. कोणतीही कडी बिघडली, तरी लाल दिवा बहुधा ड्राइव्हवरच लागतो. खरी गफलत येथूनच सुरू होते.

तापमापीला दोष

एक उदाहरण घेऊ. एका लहान कारखान्यातील सीएनसी लेथ मधूनच थांबतो आणि ड्राइव्हवर 'प्रवाह मर्यादेबाहेर' असा इशारा येतो. "ड्राइव्ह गेला," असा निष्कर्ष काढून महागडा नवा ड्राइव्ह बसवला जातो. तासाभराने तोच इशारा पुन्हा येतो. कामगार बटण दाबून यंत्र परत परत सुरू करतो आणि अखेर नव्या ड्राइव्हमधील ट्रान्झिस्टर खरोखरच जळतात. मूळ दोष मोटरच्या जोडणीत झिरपलेल्या शीतक द्रवाचा होता. ओलाव्याने आवरणाची विद्युतरोधकता गेली होती आणि प्रवाह भलत्या वाटेने जात होता. पहिला ड्राइव्ह इशारा देऊन आपले कर्तव्यच करत होता. ताप दिसला म्हणून आपण तापमापी फेकत नाही. येथे मात्र तसेच घडले.

म्हणून पान्याला हात घालण्याआधी प्रश्न विचारावेत. इशाऱ्याचा क्रमांक कोणता? तो केव्हा येतो? मोटरला प्रवाह मिळण्याआधी, वीज देताक्षणीच येत असेल, तर संशय ड्राइव्हवर किंवा त्याच्या पुरवठ्यावर जातो. वेग घेताना येत असेल, तर अडकलेली सरक, मोटर किंवा तिची केबल पाहावी. तासाभराने येत असेल, तर बंद पडलेला पंखा, तुंबलेली जाळी किंवा तापल्यावर उघडे पडणारे दोष शोधावेत. सरक एका विशिष्ट जागी आल्यावरच येत असेल, तर तेथे वाकणारी केबल आतून तुटली असण्याचा संभव असतो.

बंद यंत्रातील वीज

यानंतर मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप लावायचे. तरीही ड्राइव्हला लगेच हात लावायचा नाही. ड्राइव्हमध्ये प्रथम प्रत्यावर्ती विजेचे एकदिश विजेत रूपांतर होते आणि ती मोठ्या धारित्रांत साठवली जाते. ४१५ व्होल्टच्या त्रिकला पुरवठ्यावर चालणाऱ्या ड्राइव्हमध्ये हा दाब ४१५ × १.४१, म्हणजे सुमारे ५८५ व्होल्ट असतो. धारित्र १००० मायक्रोफॅरडचे धरले, तर ½CV² या सूत्राने साठलेली ऊर्जा सुमारे १७१ ज्यूल येते. साधारण १७ किलो वजन एक मीटर उंचीवरून पडताना एवढी ऊर्जा मुक्त होते. ती शरीरातून गेली, तर मृत्यू येऊ शकतो.

धारित्राला समांतर ४७ किलो-ओहमचा रोध जोडलेला असेल, तर त्यांचा कालस्थिरांक ४७ सेकंद होतो. ५८५ वरून ५० व्होल्टपर्यंत दाब उतरायला जवळजवळ दोन मिनिटे लागतात. पण तो रोधच तुटला असेल तर? मग वीज कितीतरी अधिक काळ दबा धरून राहते. म्हणून ड्राइव्हच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबायचे आणि नंतर मल्टिमीटरने दाब मोजून खात्री करायची. घड्याळावर विसंबू नये. उभ्या किंवा तिरप्या अक्षाची सरक वीज गेल्यावर केवळ मोटरच्या ब्रेकवर तोललेली असते. तिच्याखाली लाकडी ठोकळ्याचा भक्कम आधार द्यावा.

आधी मोजा, मग अदलाबदल करा

आता मोटरची केबल ड्राइव्हपासून सोडवायची. यू, व्ही आणि डब्ल्यू या तीन तारांपैकी दोन-दोन तारांमधील रोध मोजला, तर तिन्ही वाचने जवळजवळ सारखी यायला हवीत. मग मेगरने प्रत्येक तार आणि अर्थ यांतील रोध पाहायचा. तो कित्येक मेगओहम असावा. फार खाली आला, तर मोटर किंवा केबल दोषी. मेगर सुमारे ५०० व्होल्टचा दाब देतो, म्हणून तो ड्राइव्हला किंवा एन्कोडरला कधीही लावू नये. ड्राइव्हची तपासणी मल्टिमीटरच्या डायोड चाचणीने करावी. एकदिश दाबाच्या धन आणि ऋण टोकांपासून यू, व्ही, डब्ल्यू या टोकांपर्यंत सहा डायोडांसारखी वाचने मिळतात. एखादे वाचन दोन्ही दिशांनी शून्य आले, तर आतील ट्रान्झिस्टर जळाला असे समजावे. सहाही वाचने ठीक आली, तरी ड्राइव्ह निर्दोष ठरत नाही. आतील नियंत्रण मंडल बिघडलेले असू शकते.

मोटर आणि केबल निर्दोष ठरल्यावरच ट्यूबच्या स्टार्टरची युक्ती वापरायची. यंत्रावर अगदी त्याच नमुन्याचा दुसरा ड्राइव्ह असेल, तर दोघांची अदलाबदल करायची आणि प्रत्येक अक्षाची मूल्ये त्याप्रमाणे भरायची. इशारा ड्राइव्हबरोबर दुसऱ्या अक्षावर गेला, तर दोष ड्राइव्हचा. तो जुन्याच अक्षावर राहिला, तर एन्कोडर, त्याची केबल किंवा यांत्रिक भाग पाहावेत. हा क्रम उलटा केला, तर बिघडलेल्या मोटरला चांगला ड्राइव्ह बळी दिल्यासारखे होईल.

नवा ड्राइव्ह बसवताना

नवा ड्राइव्ह त्याच नमुन्याचा आणि त्याच दाबाचा हवा. जुन्यातील मूल्ये आधी उतरवून घ्यावीत, तारांना चिठ्ठ्या बांधाव्यात आणि छायाचित्र काढावे. पत्त्याचे लहान स्विच जुन्याप्रमाणे ठेवावेत. यू, व्ही, डब्ल्यू या तारांचा क्रम चुकला, किंवा एन्कोडरचे संकेत उलटे जोडले गेले, तर मोठा अनर्थ होतो. मग चूक कमी करण्यासाठी दिलेला जोर ती वाढवू लागतो. ऋण प्रत्याभरणाचे धन प्रत्याभरण होते. मोटर झटका देऊन अडकते किंवा सुसाट सुटते. म्हणून पहिली चाचणी सरक मध्यभागी ठेवून, अगदी मंद गतीने आणि एक हात आणीबाणीच्या बटणावर ठेवूनच घ्यावी. यंत्राचा संदर्भबिंदू हरवला असेल, तर तो पुन्हा ठरवावा. शेवटी सरक १० मिलिमीटर हलवून डायल गेजवर ती तेवढीच हलली की नाही ते पाहावे. मगच धातूला हत्यार लावावे.

वर्गात करून पाहा

एका विजेरीत मुद्दाम एक दोष ठेवा: संपलेला सेल, गेलेला बल्ब किंवा पट्टीवर चिकटवलेला कागदाचा कपटा. दुसरी चालू विजेरी शेजारी द्या. एका वेळी एकच भाग बदलायचा आणि प्रत्येक बदलाआधी 'असे झाले तर दोष अमुक, तसे झाले तर तमुक' हे वहीत लिहायचे, एवढाच नियम. नंतर विद्यार्थ्यांना डोळे मिटून दोन ठिपके रेषेने जोडायला सांगा आणि तेच डोळे उघडून पुन्हा करायला सांगा. प्रत्याभरण म्हणजे काय, हे वेगळे समजावावे लागणार नाही. हेच विद्यार्थी उद्या आयटीआयमध्ये किंवा कारखान्यात जातील, तेव्हा लाल दिवा दिसताच सुटा भाग मागवण्याआधी ते वही उघडतील.