संगणकाच्या आवाजातील खरखर : दोष कार्डाचा की अर्थिंगचा?

संगणकातील साऊंड कार्ड, म्हणजे फाइलमधील आकड्यांचे स्पीकरला समजणाऱ्या विद्युतलहरींत रूपांतर करणारा भाग, आवाजात खरखर सुरू होताच सदोष ठरवला जातो आणि पुष्कळदा विनाकारण बदलला जातो. कार्डातून स्पीकरकडे जाणारा संकेत साधारण एका व्होल्टच्या आसपास असतो. त्यात हजारांश व्होल्टची परकी लहर मिसळली तरी गाण्यातील शांत जागी ती कानाला स्पष्ट जाणवते, आणि अशी लहर कार्डाबाहेरून येण्याच्या वाटा अनेक आहेत.

या दृष्टीने नवी मुंबईतील कळंबोलीची परिस्थिती लक्षात घेण्याजोगी आहे. मुंबईतील लोखंड-पोलादाचा व्यापार हलवण्यासाठी सिडको या शहर-नियोजन महामंडळाने येथे पोलाद बाजार वसवला आणि त्याच्या आसपास निवासी सेक्टर उभे राहिले. क्रेन, वेल्डिंगची यंत्रे आणि मोठ्या मोटारी चालू-बंद होताना वीजपुरवठ्यात क्षणिक चढउतार निर्माण करू शकतात. शिवाय खाडीजवळच्या दमट हवेने, विशेषतः पावसाळ्यात, प्लग आणि सॉकेटच्या धातूवर गंजाचा पातळ थर चढतो. तरीही खरखरीचे खापर बाजारावर फोडण्याची घाई करू नये, कारण तिचा उगम बहुधा घरातच सापडतो.

तो शोधण्याची पहिली पायरी म्हणजे स्पीकर चालू ठेवून त्याची केबल संगणकातून काढणे. आवाज तसाच राहिला, तर दोष स्पीकरमध्ये, त्याच्या अडॅप्टरमध्ये किंवा केबलमध्ये असतो आणि संगणक उघडण्याचे कारण उरत नाही. केबल लावल्यावर पिन हलवताच कडकड होत असेल, तर संपर्क खराब आहे. माउस फिरवताना किंवा पान वरखाली सरकवताना आवाजाचा पोत बदलत असेल, तर संगणकातील इतर भागांच्या विजेचा उपद्रव कार्डापर्यंत पोहोचत आहे. अशा वेळी कॅबिनेटच्या पुढच्या जॅकऐवजी मागचा जॅक वापरून पाहावा, कारण पुढच्या जॅकची वायर मदरबोर्डवरून बरेच अंतर कापत येते. केवळ गाणे चालू असतानाच अधूनमधून तुटक कडकड येत असेल, तर ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारी आज्ञावली, किंवा वेळेवर माहिती न पुरवणारा प्रोसेसर तपासावा.

सर्वांत चिवट प्रकार म्हणजे अखंड घूं घूं, जी 50 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला पन्नास आवर्तनांच्या, घरगुती विजेतून येते. संगणक आणि ॲम्प्लिफायर दोन वेगवेगळ्या ठिकाणी अर्थिंगला जोडलेले असतील, तर त्या दोन जागांमधील किंचित व्होल्टेजफरकामुळे केबलच्या बाहेरील आवरणातून प्रवाह वाहतो आणि तोच ऐकू येतो. याला ग्राउंड लूप म्हणतात. दोन्ही उपकरणे एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावल्याने हा त्रास पुष्कळदा थांबतो, न थांबल्यास केबलमध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवावा.

या उपद्रवावर अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला काही जण देतात, तो अत्यंत घातक आहे. भारतीय तीन पिनी प्लगात ही पिन मुद्दाम जाड आणि लांब असते, जेणेकरून प्लग खोचताना अर्थिंग आधी जोडले जावे. ते नसेल, तर संगणकाच्या पॉवर सप्लायमधील फिल्टर कपॅसिटरमुळे कॅबिनेटवर 230 व्होल्टच्या सुमारे निम्मे व्होल्टेज येऊ शकते. हाताला जाणवणारी झिणझिण त्याचीच खूण असते आणि तिच्यासोबत घूं घूंही वाढू शकते. म्हणजे अर्थिंग तोडून शांतता मिळालीच, तर तिची किंमत विजेचा धक्का ही असते, आणि पॉवर सप्लायमध्ये बिघाड झाल्यास हा धक्का प्राणघातकही ठरू शकतो. झिणझिण जाणवताच परवानाधारक वायरमनकडून सॉकेटचे अर्थिंग तपासून घ्यावे.

एवढे करूनही माउसबरोबर बदलणारी खरखर कायम राहिली, तर यूएसबीने जोडले जाणारे बाह्य साऊंड कार्ड घ्यावे, कारण त्यात आकड्यांचे लहरींत रूपांतर कॅबिनेटबाहेर होते. मात्र यूएसबी केबलमध्येही ग्राउंडची तार असते, त्यामुळे ग्राउंड लूप हे नवे कार्ड घेतल्यावरही उरू शकतो.