वाडग्यातला राजदूत

शुक्रवारची संध्याकाळ. आठवडाभर डेडलाइन्सशी झुंजून झालेली. ‘आज काय खायचं?’ या राष्ट्रीय प्रश्नावर ग्रुपमध्ये पंधरा मिनिटं घमासान चर्चा. पंजाबी नको, चायनीजचा कंटाळा आलाय, पिझ्झा परवाच झाला. मग कुणीतरी म्हणतं, ‘थाय?’ आणि सगळ्यांच्या माना एकदम डोलतात. अर्ध्या तासात टेबलावर ग्रीन करीचा वाडगा येतो. नारळाचं दूध, गवती चहाचा तो ओळखीचा वास आणि बाजूला वाफाळता भात.

आता पहिला घास घेण्याआधी एक करून बघा. थायलंडच्या पंतप्रधानांचं नाव सांगा. तिथली एखादी नदी? एखादा लेखक? गाडी अडली ना? पण तोम यम सूप आणि पॅड थाय म्हणजे काय, ते आपल्यातले निम्मे लोक झोपेतही सांगतील. ज्या देशाबद्दल आपल्याला जवळजवळ काहीच माहीत नाही, त्या देशाबद्दल आपलं मत मात्र चांगलं आहे. ‘थाय फूड ना? मस्त असतं!’ हे मत आपोआप तयार झालेलं नाही, बरं का. तुमच्या आवडत्या रेस्टॉरंटचा मालक कदाचित मुलुंडचा असेल आणि शेफ दार्जिलिंगचा. पण थाय खाणं जगभर ‘इन’ झालं, त्यामागे एका सरकारने नीट आखलेला प्लॅन आहे.

परराष्ट्र खात्यांच्या भाषेत याला ‘पब्लिक डिप्लोमसी’ म्हणतात. नेहमीची डिप्लोमसी दोन सरकारांमधली असते. सूटबूट, बंद दरवाजा आणि शेवटी हस्तांदोलनाचा फोटो. पब्लिक डिप्लोमसी म्हणजे एका देशाने थेट दुसऱ्या देशातल्या तुमच्या-माझ्यासारख्या माणसाशी बोलणं. एडमंड गुलियन या माजी अमेरिकी राजदूतांनी १९६५ मध्ये हा शब्द आजच्या अर्थाने वापरात आणला. थायलंडने मात्र बोलण्याऐवजी सरळ जेवायलाच वाढलं.

सूपच्या नावाचं संकट

२ जुलै १९९७ रोजी थायलंडने आपलं चलन, बाट, बाजाराच्या हवाली केलं आणि ते धाडकन कोसळलं. कंपन्या बुडाल्या, नोकऱ्या गेल्या, आजूबाजूचे देशही त्या भोवऱ्यात ओढले गेले. तिकडे लोक या संकटाला चक्क ‘तोम यम कुंग’ संकट म्हणतात. कोळंबी घातलेल्या त्या आंबट-तिखट सूपचं नाव! सावरायचं तर देशाला बाहेरून पैसा हवा होता.

आणि त्याच वेळी एक जुना डागही होता. बाहेरच्या जगात थायलंड म्हणजे समुद्रकिनारे आणि रात्रीचे बार. आपल्याकडेसुद्धा एखादा बॅचलर मित्र ‘बँकॉकला चाललोय’ म्हणाला की बाकीचे डोळे मिचकावतात. त्याला आपण जोक म्हणतो. पण परदेशी विमानतळावर पासपोर्ट दाखवणाऱ्या साध्यासुध्या थाय बाईला तो जोक रोज ऐकावा लागत असेल, तर? देशाची इमेज ही ब्रोशरवर छापायची गोष्ट वाटते. प्रत्यक्षात तिची किंमत त्या देशातला एकेक माणूस परक्या गावात चुकवत असतो.

चव एक, मेनू तीन

२००२ मध्ये थाय सरकारने ‘ग्लोबल थाय’ नावाचा कार्यक्रम हाती घेतला. तेव्हा जगभरात सुमारे साडेपाच हजार थाय रेस्टॉरंट्स होती. ती आठ हजारांवर न्यायची, असं ठरलं. म्हणजे सरकारने भाषणं दिली का? नाही. निर्यातीचं काम बघणाऱ्या खात्याने एखाद्या फ्रँचायझीसारखे रेस्टॉरंटचे तीन नमुने तयार केले. झटपट खाण्यासाठी ‘एलिफंट जंप’, मधल्या बजेटसाठी ‘कूल बेसिल’ आणि पॉश जेवणासाठी ‘गोल्डन लीफ’. परदेशात हॉटेल काढणाऱ्याला सरकारी बँकांतून कर्ज. शेफना ट्रेनिंग. चांगल्या हॉटेलांच्या दारावर ‘थाय सिलेक्ट’ हे सरकारी सर्टिफिकेट. न्यूझीलंडशी २००५ मध्ये व्यापार करार झाला, त्यात थाय शेफना तिथे जाऊन काम करता यावं याचीसुद्धा सोय होती.

हिशेबही पक्का होता. एक रेस्टॉरंट उघडलं की त्याला तांदूळ लागतो, करी पेस्ट लागते, फिश सॉस लागतो. हे सगळं थायलंडहून येणार. शिवाय जेवलेल्यांपैकी काहीजण पुढच्या सुट्टीत तिकीट काढणार. हा कार्यक्रम सुरू झाला त्याच वर्षी ‘इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकाने त्याला ‘गॅस्ट्रो-डिप्लोमसी’ असं नाव दिलं. २०१८ पर्यंत जगातल्या थाय रेस्टॉरंट्सचा आकडा पंधरा हजारांवर गेला होता. पुढे दक्षिण कोरिया, तैवान, पेरू असे बरेच देश याच वाटेने निघाले. आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्या तोम यम कुंग सूपला युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली. संकटाचं नाव शेवटी सन्मानाचं झालं!

‘अस्सल’ म्हणजे काय रे भाऊ?

गंमत पुढे आहे. थायलंडची ओळख म्हणून जगभर वाढलं जाणारं पॅड थाय हे काही आजीच्या आजीपासून चालत आलेलं पक्वान्न नाही. १९३९ मध्ये पंतप्रधान फिबुन यांनी देशाचं ‘सयाम’ हे नाव बदलून ‘थायलंड’ केलं. लोकांनी काय घालावं, कसं वागावं याचेही हुकूम निघाले. त्याच काळात या नूडल्सचा सरकारी प्रचार झाला. नूडल्स मूळच्या चिनी. त्यांना चिंच, ताडगूळ आणि शेंगदाण्याचा थाय हात लागला. म्हणजे तीही एक इमेज बिल्डिंग एक्सरसाइजच, फक्त घरच्यांसाठी केलेली.

‘म्हणजे सगळं नकलीच की!’ असं म्हणायच्या आधी आपल्या वडापावकडे बघा. बटाटा आणि मिरची मूळच्या अमेरिका खंडातल्या, समुद्रावरून इथे आलेल्या. पाव पोर्तुगीजांबरोबर आला. तरी वडापाव मराठी नाही असं म्हणायची कुणाची टाप आहे? अस्सल म्हणजे जुनं असं नसतं. जे आपण मनापासून आपलं केलं, ते अस्सल.

तिखट किती घालू?

खरी परीक्षा वेटर ऑर्डर घेतो तेव्हा होते. ‘स्पायसी किती? माइल्ड, मीडियम, थाय हॉट?’ दोन संस्कृतींमधला सगळा संवाद या एका प्रश्नात आहे. तिखट कमीच केलं नाही तर समोरचा पहिल्या घासाला पळून जातो. फारच कमी केलं तर तो जे खातो ते तुमचं राहतच नाही. थाय माणूस भात चमच्याने खातो, डाव्या हातातल्या काट्याने तो चमच्यावर ढकलतो. चॉपस्टिक्स त्याला नूडल्सपुरत्याच लागतात. पण परदेशी गिऱ्हाईक हट्टाने चॉपस्टिक्स मागतं आणि मालक हसून आणून देतो. गैरसमज दुरुस्त करायचा की पाहुण्याला खूश करायचं, हे रोज रात्री प्रत्येक टेबलावर नव्याने ठरतं.

सरकारला मात्र चव हातातून निसटेल अशी धास्ती वाटत होती. पंतप्रधान यिंगलक शिनावात्रा यांना परदेश दौऱ्यांत बेचव थाय जेवण मिळालं आणि त्यातून एका यंत्राची कल्पना निघाली. नमुना आत ठेवायचा, मग सेन्सर वास-चव तपासून अस्सलपणाचे शंभरपैकी मार्क देणार! सप्टेंबर २०१४ मध्ये या यंत्राची बातमी जगभर गाजली. तोवर यिंगलक यांचं सरकार गेलं होतं आणि २२ मे २०१४ रोजी लष्कराने सत्ता हातात घेतली होती. त्याच जूनमध्ये बँकॉकच्या एका मॉलबाहेर ऑर्वेलची ‘१९८४’ कादंबरी वाचत सँडविच खाणाऱ्या एका विद्यार्थ्याला पोलिसांनी ताब्यात घेतलं. सँडविच हे तेव्हा निषेधाचं चिन्ह झालं होतं.

एकीकडे करी अस्सल आहे का ते तपासणारं यंत्र, दुसरीकडे सँडविच खाल्ल्याबद्दल पकडलेला मुलगा. पब्लिक डिप्लोमसीची मर्यादा इथेच कळते. बाहेर कितीही चविष्ट वाढा, घरात जे चाललंय त्याचा वास बाहेर जातोच.

आणि आपण?

२००२ मध्येच आपल्याकडे ‘इन्क्रेडिबल इंडिया’ मोहीम सुरू झाली. २००६ मध्ये परराष्ट्र मंत्रालयात पब्लिक डिप्लोमसीचा वेगळा विभाग निघाला. पण ब्रिटनमध्ये भारतीय जेवणाचं नाव ज्यांनी घराघरात नेलं, ती ‘इंडियन’ रेस्टॉरंट्स बहुतांशी सिल्हेट भागातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून गेलेल्या माणसांनी उभी केली. कुठला प्लॅन नाही, कर्ज नाही, सर्टिफिकेट नाही. २००१ मध्ये ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी चिकन टिक्का मसाला हा ब्रिटनचा राष्ट्रीय पदार्थ असल्याचं भाषणात सांगितलं. देशाची इमेज कधी कधी शेजारीसुद्धा बनवून देतात!

आमचा एक मित्र सांगलीचा. ऑनसाइट म्हणून नेदरलँड्सच्या एका छोट्या गावात गेला. पहिल्याच महिन्यात पॅन्ट्रीतल्या मायक्रोवेव्हवर कागद चिकटला : ‘उग्र वासाचे पदार्थ गरम करू नयेत.’ नाव कुणाचं नव्हतं. पण त्या मजल्यावर लसणाची फोडणी घातलेला डबा एकच होता. पुढचे दोन महिने पठ्ठ्या जिन्यात बसून थंड पोळी-भाजी खात होता. आईला फोनवर सांगायचा, ‘हो गं, गरम जेवतो.’

एक दिवस जिन्यात एक वयस्कर सहकारी बाई भेटल्या. डब्यातली शेंगदाण्याची चटणी बघून थबकल्या. त्यांच्या आजोळी इंडोनेशियाचा संबंध, दाण्याच्या सॉसवर त्या वाढलेल्या. ‘चाखू?’ त्यांनी विचारलं. चाखलं, डोळ्यांत पाणी आलं, हसल्या आणि पुन्हा मागितलं. पुढच्या शुक्रवारी तो निम्म्या तिखटाची चटणी घेऊन गेला. आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण तरी कुठे कुणाला काही विचारलं? ही माणसं ब्रेडवर लोणी लावून चॉकलेटचे दाणे भुरभुरतात, यावर तो दोन महिने घरी फोन करून हसत होता. त्या दिवशी त्याने ते पहिल्यांदा खाऊन बघितलं. ‘वाईट नाही रे,’ तो आम्हाला म्हणाला, ‘साखरांब्यासारखंच, फक्त कोरडं.’

मायक्रोवेव्हवरचा कागद काही निघाला नाही. पण शुक्रवारी तो कुणी वाचेनासं झालं.

सरकारं कर्ज देतील, सर्टिफिकेटं देतील, लोगो बनवतील. ते हवंच. पण शेवटचा घास माणूस माणसालाच देतो. आणि समोरच्या ताटात काय आहे हे त्याआधी विचारावं लागतं.

ऑनसाइट जाताय? एवढं लक्षात ठेवा

• ‘तुमच्याकडे सगळे असंच करतात का?’ या प्रश्नाला ‘आमच्या घरी असं करतात’ हे उत्तर जास्त खरं असतं. सव्वाशे कोटींहून जास्त लोकांच्या वतीने बोलायचं टेन्शन घेऊ नका.

• मान डोलावणं आपल्याला कळतं, सगळ्यांना नाही. ‘हो’ असेल तर तोंडाने ‘हो’ म्हणा. ‘नाही’ असेल तर तेही.

• पहिल्या वेळी तिखट निम्मं. दुसऱ्या वेळी विचारून. पण लसूण वगळू नका, नाहीतर ती तुमची चटणी कसली?

• आधी त्यांच्या डब्याबद्दल विचारा. मग तुमचा उघडा.