पहिली गिटार घेताय? आधी तारांची उंची बघा

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. ऐकताना आकडे निसटतात, म्हणून सगळी मोजमापं इथे नीट लिहिली आहेत. दुकानात जाताना हे पान मोबाइलवर उघडं ठेवा.)

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मागितलेला: अकूस्टिक गिटार कशी निवडायची? पण ब्रँडची यादी वाचण्याआधी एक गोष्ट सांगतो. माझीच आहे आणि थोडी लाजिरवाणी आहे.

अकरावीत असताना मी ऑनलाइन गिटार मागवली. काळी, चकचकीत. सोबत कव्हर, पट्टा, पिकं, सगळं फुकट. क्लास लावला. दोन आठवड्यांत सी, जी, डी हे कॉर्ड कसेबसे जमले, आणि मग आला एफ. पहिल्या बोटाने सहाही तारा एकदम दाबायच्या. तीन महिने झटलो. बोटांना फोड आले, पण आवाज मात्र ठप्प ठप्प. सर म्हणायचे, "रियाज कमी पडतोय." मी म्हटलं, आपल्यात नाहीच ते. गिटार कपाटावर गेली आणि सात वर्षं तिथेच राहिली.

मग एकदा गणपतीच्या साफसफाईत माझ्या मावसबहिणीने ती खाली काढली. तिला शिकायची होती. तारा गंजलेल्या, म्हणून आम्ही ती एका दुरुस्तीवाल्या काकांकडे नेली. त्यांनी खिशातून स्टीलची पट्टी काढली, बाराव्या फ्रेटवर लावली आणि म्हणाले, "चार मिलिमीटर. यावर कोण शिकणार?" तासाभराचं काम केलं. तीच गिटार, नवीन तारा. मी एफ धरला. वाजला! मंडळी, आनंद नंतर झाला. आधी राग आला. सात वर्षं मी ज्याला माझा दोष समजत होतो, तो लाकडाच्या आणि प्लास्टिकच्या तुकड्यांचा होता.

म्हणून आजच्या भागाचं सार एका वाक्यात: गिटार कितीची आहे यापेक्षा ती नीट लावलेली आहे का, हे आधी बघा.

'ॲक्शन' म्हणजे काय?

तार आणि तिच्याखालची फ्रेटची पट्टी यांच्यातलं अंतर म्हणजे ॲक्शन. ते बाराव्या फ्रेटवर मोजतात. स्टीलच्या तारांच्या गिटारवर सगळ्यात जाड तारेखाली साधारण अडीच मिलिमीटर आणि सगळ्यात बारीक तारेखाली साधारण दोन मिलिमीटर अंतर असलं, की हात सुखाने चालतो.

अंतर जास्त असेल तर दोन तोटे. एक, दाबायला जोर लागतो. हा सगळ्यांना कळतो. दुसरा लक्षात येत नाही: तार जितकी खाली दाबावी लागते तितकी ती ताणली जाते, आणि ताणली की सूर चढतो. म्हणजे मोकळ्या तारा ॲपवर अगदी बरोबर लावल्या, तरी कॉर्ड धरला की बेसूर. शिकणाऱ्याला वाटतं, आपला कानच खराब आहे.

आपल्याकडे तंबोऱ्याची जवारी काढतात ना, तसंच समजा. मिरजेतल्या कारागिराने कितीही सुंदर भोपळा आणि दांडी जोडली, तरी घोडीवर जवारी नीट निघाल्याशिवाय तंबोरा बोलत नाही. गिटारचंही तेच. कारखान्यातून आलेल्या गिटारला शेवटचा हात लागावा लागतो. त्याला 'सेटअप' म्हणतात. त्यात तीन जागा बघतात:

- नट: मानेच्या टोकाची खाचा असलेली पट्टी. खाचा उथळ असल्या तर पहिल्या फ्रेटवरचे कॉर्ड छळतात. माझा एफ इथेच अडला होता.
- सॅडल: ब्रिजवरची पांढरी पट्टी. ती खालून एक मिलिमीटर घासली, की बाराव्या फ्रेटवर तार अर्धा मिलिमीटर खाली येते.
- ट्रस रॉड: मानेच्या आतली लोखंडी सळई. तारांच्या ओढीने मान वाकते, ती वाकण यातून कमी-जास्त करता येते. हा स्क्रू घरी व्हिडिओ बघून पिळू नका, प्लीज.

दुकानातल्या पाच परीक्षा

गिटार वाजवता येत नसली तरी या सगळ्या जमतात.

१. कार्डाची परीक्षा. एटीएम कार्डाची जाडी ठरलेली असते, ०.७६ मिलिमीटर. तीन सपाट कार्डं एकावर एक ठेवली की जवळपास २.३ मिलिमीटर होतात. ती बाराव्या फ्रेटच्या पट्टीवर ठेवून जाड तारेखाली सरकवा. तार न उचलता जेमतेम मावली तर उत्तम. चार कार्डं आरामात गेली तर ॲक्शन जास्त आहे. दुकानदाराला ती कमी करून द्यायला सांगा.

२. तिसऱ्या फ्रेटची परीक्षा. जाड तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा. तारेखाली कागदाएवढी फट हवी. मोठी फट दिसली तर नट उंच आहे.

३. ट्यूनर ॲपची परीक्षा. आधी तार मोकळी वाजवून सुरात लावा. मग तीच बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवा. ॲपवर तोच स्वर, एक सप्तक वर, दिसला पाहिजे. काटा बराच उजवीकडे किंवा डावीकडे गेला तर ती गिटार वरच्या भागात बेसूर वाजणार.

४. प्रत्येक फ्रेट. सहाही तारा, एकेका फ्रेटवर, सावकाश. कुठे खरखर, कुठे मेलेला आवाज? पाच मिनिटं लागतात. दुकानदार वैतागला तर वैतागू दे.

५. हाताची परीक्षा. मानेच्या कडेवरून तळहात फिरवा. फ्रेटची टोकं टोचली तर नको. आणि खाली बसून गिटार मांडीवर घ्या. उजवा खांदा वर उचलला जातोय? मग तिचं अंग तुमच्यासाठी मोठं आहे.

स्टील की नायलॉन, मोठी की छोटी?

नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार बोटांना मऊ असते, पण मान रुंद, नटपाशी सुमारे ५२ मिलिमीटर. स्टीलच्या गिटारची मान ४३ च्या आसपास. हिंदी-मराठी गाण्यांना कॉर्ड धरून साथ करायची असेल तर स्टील घ्या. नुसत्या बोटांनी सुटे स्वर वाजवायचे असतील किंवा शिकणारं मूल लहान असेल तर नायलॉनचा विचार करा.

एक चूक मात्र करू नका: नायलॉनच्या गिटारवर स्टीलच्या तारा चढवू नका. स्टीलच्या सहा तारांची एकत्र ओढ ७० किलोच्या आसपास असते, नायलॉनची साधारण ४०. आतला सांगाडा तेवढ्यासाठी बनलेला नसतो. ब्रिज उखडून हातात येतो.

आकाराचं म्हणाल तर दुकानात सगळ्यात जास्त दिसते ती ड्रेडनॉट. १९०६ सालच्या एका ब्रिटिश युद्धनौकेवरून हे नाव पडलं. अंगाने मोठी, आवाजाने दणदणीत. पण चण लहान असेल तर 'कॉन्सर्ट' आकार बघा. आवाज थोडा कमी, पण हात आखडत नाही. मित्राकडे आहे म्हणून ड्रेडनॉट, असं करू नका.

पैसे कुठे घालायचे?

पुढची फळी, म्हणजे 'टॉप', हाच गिटारचा गळा. ती दोन प्रकारची असते. लॅमिनेट म्हणजे पातळ थर चिकटवलेली, आणि सॉलिड म्हणजे सलग लाकडाची. ओळखायचं कसं? मोबाइलचा टॉर्च लावा आणि मधल्या गोल भोकाची कड बघा. वरच्या लाकडाच्या रेषा कडेतून सरळ खाली उतरताना दिसल्या तर सॉलिड. थर दिसले तर लॅमिनेट.

सॉलिड टॉप मोकळेपणाने थरथरतो, आवाज भरदार येतो. पण नवशिक्याने लॅमिनेटला नाक मुरडू नये. ती हवामान जास्त सोसते, होस्टेलमध्ये, एसटीत, ट्रेनमध्ये टिकते. यामाहाची एफ३१० लॅमिनेट टॉपचीच आहे आणि तिच्यावर आपल्याकडे कितीतरी जण शिकले. ढोबळ मानाने दहा हजारांच्या आसपास शिकण्याजोगी गिटार मिळते. बजेट दहा असेल तर नऊची घ्या आणि उरलेले सेटअप आणि तारांसाठी ठेवा.

दोन-चार वर्षं वाजवताय आणि आता दुसरी घ्यायचीय? मग सॉलिड टॉप घ्याच. स्प्रूसचा टॉप लख्ख आणि खणखणीत, सीडरचा मऊ, हलक्या हाताला लगेच साद देणारा. मागची बाजू शिसवीची असेल तर खर्ज खोल लागतो. ही शिसवी आपलीच बरं का. जुन्या वाड्यांतल्या पलंगांची. अमेरिकेच्या मार्टिन कंपनीने ब्राझीलचं लाकूड मिळेनासं झाल्यावर १९६९ पासून भारतीय शिसवी वापरायला घेतली. पण क्रम लक्षात ठेवा: आधी टॉप, मग मागची बाजू. पिकअपचे जादा पैसे स्टेजवर वाजवणार असाल तरच द्या.

जुनी गिटार घेत असाल तर ब्रिजच्या कडेखाली कागद सरकवून बघा. कागद आत गेला तर ब्रिज सुटतोय. ब्रिजमागे फळी फुगलेली दिसली तरी सावध व्हा.

श्रोत्यांचा प्रश्न

सोलापूरहून एकाने विचारलंय: "मे महिन्यात गिटारच्या फ्रेटची टोकं अचानक टोचायला लागली. फ्रेट वाढतात का?"

(हसतो) फ्रेट नाही वाढत, लाकूड आकसतं! गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. सोलापूर, नागपूरकडे उन्हाळ्यात हवा फार कोरडी पडते, लाकूड आटतं, कधी चिरही जाते. रत्नागिरीत जुलैमध्ये उलट. हवा ऐंशी टक्क्यांच्या वर, टॉप फुगतो आणि ॲक्शन वाढते. उपाय एकच: गिटार भिंतीवर शोभेला टांगू नका, बंद केसमध्ये ठेवा. पावसाळ्यात आत सिलिका जेलच्या पुड्या टाका, कडक उन्हाळ्यात गिटारसाठी मिळणारा ह्युमिडिफायर. आणि बंद गाडीत उन्हात ठेवायची नाही म्हणजे नाही.

तर मंडळी, माझी ती काळी गिटार आता मावसबहिणीकडे आहे. चौथ्या आठवड्यात तिने एफ धरला. "यात अवघड काय होतं रे दादा?" म्हणाली. मी काही बोललो नाही.

तुमच्या घरी कपाटावर अशी एखादी गिटार असेल, तर नवीन घेण्याआधी ती खाली काढा आणि तीन कार्डं लावून बघा. पुढच्या भागात तारा कशा बदलायच्या ते बघू. तोवर वाजवत राहा!